नवतपातली पाखरे

उन्हाळ्यात नागपूरचा माणूस पहाटे पाचला घराबाहेर पडला, तर शेजारीपाजारी दोनच अंदाज करतात. एक तर नळाला पाणी आले असावे, नाही तर कोणाला दवाखान्यात न्यायचे असावे. डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि गळ्यात दुर्बीण अडकवून मी निघतो, तेव्हा आमच्या गल्लीतले लोक आता काही विचारत नाहीत. सुरुवातीला विचारत. "काका, एवढ्या तपनात कुठं निघाले?" मी म्हणे, "पाखरं पाहायला." मग ते माझ्याकडे बघत, आणि नंतर दारात उभ्या असलेल्या आमच्या मंडळींकडे सहानुभूतीने बघत.

वाचकहो, पक्षी पाहायचे ते हिवाळ्यात, असा आपल्याकडे समज आहे. त्यात खोटे काही नाही. हिमालयापलीकडून पट्टकादंब येतात, नाना जातींची बदके येतात, तळी भरून जातात. पण मार्च संपता संपता ही पाहुणे मंडळी परतीच्या वाटेला लागते आणि बहुतेक हौशी लोकांच्या दुर्बिणी कपाटात जातात. मला मात्र खरी गंमत त्यानंतर वाटते. जे उरतात ते आपले. याच तापलेल्या मातीत, याच वाळलेल्या काटक्यांत त्यांना संसार मांडायचा असतो. पंचेचाळीस अंशांत माणूस कूलरपुढून हलत नाही, तेव्हा टिटवी उघड्या माळावर अंड्यांवर बसलेली असते. सावली करायला तिच्याजवळ तिच्या अंगाखेरीज काही नसते.

२५ मेपासूनचे नऊ दिवस आम्ही विदर्भातले लोक नवतपा म्हणून मोजतो. २०२४ चा नवतपा तर असा होता, की ३० मे रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला आणि देशभर बोभाटा झाला. पुढे ते यंत्रच बिघडले होते असे निघाले. आम्हाला मात्र त्या दिवशी तो आकडा खोटा वाटला नव्हता, हे कबूल केले पाहिजे!

आमचा एक गट आहे. गट म्हणजे काही संस्था नव्हे. पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, दवाखान्यात परिचारिका असलेल्या एक ताई, एक ऑटोवाला भाऊ, कॉलेजात शिकणारी दोन-तीन पोरे आणि मी. रविवारी गोरेवाड्याच्या तलावाकडे, कधी अंबाझरीच्या मागच्या रानाकडे जायचे, साडेआठच्या आत परत फिरायचे आणि चहाच्या टपरीवर बसून कोणी काय पाहिले ते सांगायचे. आठवडाभर ज्याला जे दिसले, तेही तिथेच सांगायचे. ऑटोवाले भाऊ तर दिवसभर शहर पालथे घालणारे. कोणत्या चौकातल्या वडाला फळे पिकली आणि त्यावर हरियाल उतरले, हे आम्हाला त्यांच्याकडून कळते. हरियाल हा आपला राज्यपक्षी. पण हिरव्या पानांत तो असा लपतो की डोक्यावर पन्नास बसले तरी खालच्या माणसाला पत्ता लागत नाही. भाऊ मात्र सिग्नलला थांबल्या थांबल्या खाली पडलेली फळे बघतात आणि वर कोण आहे ते ओळखतात.

मी स्वतः टपाल खात्यात रेल्वेच्या डाकेत नोकरी केली. रात्रभर पत्रे छाटायची आणि पहाटे कोणत्या तरी स्टेशनवर उतरायचे. पाखरांचा नाद तिथेच लागला. पहाटेच्या रिकाम्या फलाटावर पहिला बोलतो तो दयाळ. त्याचे गाणे ऐकायला कोणाची ओळखपाळख लागत नाही. तेव्हा १५ पैशांचे पोस्टकार्ड होते. चंद्रपूरच्या आणि गोंदियाच्या दोघा सहकाऱ्यांशी माझा कार्डांचा व्यवहार चाले. "आज चातक आला." एवढेच एक वाक्य, खाली तारीख. ती कार्डे मी अजून जपून ठेवली आहेत. आता मुले मोबाईलवर नोंदी करतात. मेच्या दुसऱ्या शनिवारी जगभरचे लोक एकाच दिवशी पक्षी मोजतात आणि आपल्या देशात त्याच दिवशी फक्त आपल्याच भूमीत आढळणाऱ्या पक्ष्यांकडे विशेष लक्ष दिले जाते. त्या दिवशी आमची पोरे पहाटे चारलाच दार वाजवतात.

उन्हाळ्यात काय दिसते? एप्रिलपासून तांबटाची टुक् टुक् सुरू होते. भांड्यावर तांबटाने हातोडी चालवावी तसा हा आवाज, म्हणून तर पक्ष्याला ते नाव. भर दुपारी, सगळे चिडीचूप असताना, हा मिनिटाला शंभरावर ठोके देत राहतो. आंब्याच्या दाटीत हळद्या शीळ घालतो. नाल्याकाठी सावलीच्या जागी स्वर्गीय नर्तक घरटे बांधतो. पांढऱ्या नराची लांब शेपटी घरट्याबाहेर फितीसारखी लोंबते. नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात. आमच्या परिचारिका ताईंना ही गोष्ट फार आवडते आणि गटातल्या पुरुषमंडळींना त्या ती दरवर्षी नव्याने सांगतात. मग मेच्या अखेरीस पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणत रात्रीसुद्धा झोपू देत नाही. त्याच सुमारास चातक येतो. काळ्या-पांढऱ्या रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी आफ्रिकेतून समुद्र ओलांडून पावसाच्या थोडा आधी आपल्याकडे पोचतो आणि आपली अंडी सातभाईच्या घरट्यात टाकून मोकळा होतो. कवींनी त्याला फार सोवळा करून ठेवला आहे. प्रत्यक्षात सातभाईला विचारले पाहिजे.

आणखी एक रात्र सांगण्यासारखी. वन विभाग बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर माणसे बसवून प्राण्यांची मोजणी करतो. पाणी आटलेले असते, चांदणे लख्ख असते, म्हणून हीच रात्र धरली आहे. मी एकदा बसलो होतो. वाघ आला नाही, रानडुकरे आली. पण रात्रभर रातव्याचा चुक-चुक-चुक असा, दगडावर गोटी टप्पे घेत जावी तसा आवाज ऐकला. तो माझ्या लेखी वाघापेक्षा कमी नव्हता. सकाळी तसाच लाल डोळ्यांनी बुद्धविहारात गेलो, तर लोकांना वाटले काका रात्रभर जयंतीच्या तयारीत होते. मीही काही बोललो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत मी एका ओळखीच्या घरी गेलो होतो. गल्लीच्या टोकाला एक जुने कडुनिंबाचे झाड आहे. त्याखाली खाटेवर एक आजी भाजी निवडत बसल्या होत्या. माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहून त्यांनी हाक मारली. "ये बाबू, तुले पाखरं पाहाचा शौक हाय ना? वर पाय. ते भिंतीत बसली हाये."

वर पाहिले. खोडाला दहा-बारा हातांवर एक ढोली. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपावे तसे बंद केलेले आणि मधे फक्त एक उभी फट. फटीतून राखी रंगाच्या चोचीचे टोक दिसत होते. राखी धनेशाची मादी!

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धनेशाची मादी अंडी घालायची वेळ आली की ढोलीत शिरते आणि आपल्या विष्ठेने आणि फळांच्या गराने दार लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. आत तिची पिसेही झडतात, म्हणजे मनात आले तरी तिला उडता येत नाही. कित्येक आठवडे तिचा आणि पिलांचा सगळा भार एकट्या नरावर. तो उंबर, वड, पिंपळाची फळे, किडे, कधी सरडा असे आणून फटीतून एकेक घास भरवतो. नराचे काही बरेवाईट झाले किंवा तो बुजला, तर आतल्या जिवांना दुसरा आधार नाही.

आजी म्हणाल्या, "चार-पाच सालापासून येते ते जोडपं. आमच्या पोट्टेयले मी गलोल मारू देत नाही." गल्लीतल्या सगळ्या बायाबापड्यांना ती ढोली माहीत होती. नर आला की कोणी मान वर करीत नसे. त्याला त्या लोकांची सवय होती आणि लोकांना त्याची. मी तासभर बसलो. तेवढ्यात तो दोनदा येऊन गेला. वहीत वेळ टिपली.

रविवारी टपरीवर मी ही बातमी सांगितली. माझा आनंद पोटात मावत नव्हता. गल्ली सांगितली, झाड सांगितले, कोणत्या बाजूने पाहिले तर फट दिसते तेही सांगितले. गटातला एक मुलगा संध्याकाळीच जाऊन फोटो काढून आला. फोटो उत्तम होता. त्याने तो मोबाईलवर आणखी दोन ठिकाणी पाठवला, खाली जागेचे नाव लिहून. त्याच्या मनात काही वाईट नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्या गल्लीत हातभर लांबीच्या भिंगांचे कॅमेरे घेऊन माणसे आली. पाचव्या दिवशी मी गेलो, तेव्हा आठ-नऊ जण होते. कोणी गाडीच्या टपावर चढले होते. मधे येणारी एक फांदी कोणी तरी दोरीने बाजूला ओढून बांधली होती. एक जण मोबाईलवर धनेशाचा आवाज वाजवत होता, नर लवकर यावा म्हणून. नर आला होता. पलीकडच्या विजेच्या तारेवर चोचीत उंबर धरून बसला होता. घरट्याकडे झेप घेई, अर्ध्या वाटेत वळे आणि पुन्हा तारेवर जाऊन बसे. सात ते अकरा मी तिथे होतो. चार तासांत त्याने एकदाच भरवले.

मी लोकांना हात जोडून सांगितले. काही निघून गेले. एकाने मला विचारले, "काका, हे झाड तुमच्या मालकीचं आहे काय?" आजी खाटेवर नव्हत्या. खाट उचलून त्या आत जाऊन बसल्या होत्या. त्यांच्या दारासमोर अनोळखी माणसे गाड्या लावून उभी असताना त्यांनी बसायचे तरी कुठे?

पुढे आठ-दहा दिवस आम्ही पाळी लावून तिथे उभे राहिलो. गर्दी हटली. पण मेच्या मध्याला ढोलीचे लिंपण फुटलेले दिसले. मादी दिवसभर समोरच्या घराच्या पत्र्यावर बसून होती. पिसे धड उगवलेली नव्हती. आतून पिलांचा आवाज नव्हता. दोन दिवसांनी दोघेही दिसेनासे झाले. झाडाखाली लिंपणाचा एक तुकडा पडला होता. दगडासारखा टणक होता.

आमच्या गर्दीमुळेच ते मोडले, असे मला शपथेवर सांगता येणार नाही. त्या वर्षीचा उन्हाळाही भयंकर होता. पण आजींना मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, "तुले दाखवलं तेच चुकलं माह्यं."

फोटो पाठवणाऱ्या मुलावर राग काढणे सोपे होते. काहींनी काढलाही. पण जागा आधी माझ्या तोंडून गेली होती. मी आयुष्यभर पत्रे छाटली. दुसऱ्याचे पत्र भलत्याच्या हाती पडू नये याचीच मला पगार मिळत होती, आणि ही एवढी मोठी गोष्ट मी चहाच्या टपरीवर वाटून मोकळा झालो.

पुढच्या रविवारी टपरीवर पाखरांचे कोणी बोलले नाही. वादच झाला. गुरुजींचे म्हणणे, नोंद ती नोंद. खरी माहिती लपवायची तर मोजायचे कशाला? परिचारिका ताई म्हणाल्या, "दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीबाहेर आम्ही अशी गर्दी होऊ देतो का? बाळ झालं हे सगळ्यांना सांगतो, पण भेटायची वेळ ठरलेली असते." मुलांपैकी एकाने काढून दाखवले, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणेही धरले आहे. म्हणजे बंदूक न उचलताही माणूस शिकारी ठरतो. हे ऐकून सगळेच गप्प झाले.

पण ऑटोवाल्या भाऊंनी वेगळाच मुद्दा काढला, आणि तो मला आजही पटतो. ते म्हणाले, "कोणालेच नाही सांगतलं तं झाड कोण वाचवन? माह्या रस्त्यावरचं झाड रस्ता मोठा करताना तोडलं. त्याच्यात पोपटाचे पिल्लं होते. कोणाच्या कागदावरच नव्हतं, तं तक्रार कायची करता?" खरे आहे. शहरातली झाडे तोडायला परवानगी लागते. ५० वर्षांपेक्षा जुन्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा दर्जाही मिळाला. पण हरकत घ्यायची तर हातात तारखेची, वेळेची नोंद हवी. नुसते 'तिथे पाखरे होती' म्हणून कोणी ऐकत नाही. गोंदियाकडे सारस क्रौंच धानाच्या बांधीत घरटे करतो. महाराष्ट्रात त्याची संख्या आता पन्नासाच्या आत आली आहे. त्याचे घरटे ज्याच्या शेतात आहे, त्या शेतकऱ्याला आणि त्याच्या मजुरांना विश्वासात घेतल्याशिवाय ते टिकत नाही. तिथे न सांगणे हाच घात.

म्हणजे प्रश्न सांगायचे की नाही हा नसून, कोणाला सांगायचे आणि कधी सांगायचे हा होता. आम्ही शेवटी असे ठरवले. घरट्याची नोंद वहीत पूर्ण करायची, रोजची, तारीखवार. टपरीवर फक्त पक्ष्याचे नाव सांगायचे आणि जागा विचारली तर 'नागपूर' म्हणायचे. पिले उडून गेल्यावर सगळे मोकळेपणाने सांगायचे. झाडावर कुऱ्हाड येते असे दिसले, तर वही घेऊन सगळ्यांनी मिळून अर्ज करायचा. पाखराला फसवून बोलवायला मोबाईल वाजवायचा नाही. आणि ज्या वस्तीत घरटे असेल, त्या वस्तीच्या लोकांना विचारल्याशिवाय गटातल्या कोणाला तिथे न्यायचे नाही. ही शेवटची अट मी घालायला लावली.

२०२५ चा उन्हाळा उन्हाळ्यासारखा नव्हताच. मे महिना अवकाळी पावसात गेला आणि २६ मेला तर मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. इतक्या लवकर तो तिथे कधी आल्याची नोंद नव्हती. नवतपात तपण्याऐवजी आम्ही छत्री शोधत होतो. त्याच दिवसांत मुलीला घेऊन मी भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या मामाच्या गावी गेलो. मामा आता नाहीत. मामी पंचाहत्तरीच्या आहेत, पण आठ-दहा बकऱ्या घेऊन अजून तळ्याच्या पाळीवर जातात.

आमच्याकडच्या या तळ्यांना मामा तलाव म्हणतात. माझी मुलगी लहानपणी समजायची, की मामाच्या गावाला असतो म्हणून तो मामा तलाव! 'माजी मालगुजारी' या शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी आपल्या हिशेबाने, जमिनीचा उतार ओळखून ते बांधले. उन्हाळ्यात पाणी मधोमध सरकते, काठाला भेगाळलेला गाळ उघडा पडतो, आणि पाणी जितके कमी तितकी पाखरांची दाटी जास्त. उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी टिपतात, पाणवनस्पतींच्या पानांवर कमळपक्षी लांब बोटांनी चालतो, संध्याकाळी अडई बदकांचे थवे शीळ घालत उतरतात.

मामींनी आधी टिटवी दाखवली. खड्यांत चार अंडी अशी, की मी पाय ठेवलाच असता. टिटवी ओरडत उठली, पाण्यात जाऊन बसली, पोट भिजवले आणि ठिबकत ठिबकत परत येऊन अंड्यांवर बसली. हे मी पुस्तकात वाचले होते. मामींना मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगू लागलो, तर त्या म्हणाल्या, "पोरगं तापलं का आपुन कपाळावर ओली चिंधी ठेवतो ना? तसंच ते." पुस्तक तिथेच मिटले.

मग म्हणाल्या, "मिरगाच्या आंधी एक शिट्टीवालं पाखरू येते. नव रंगाचं. शेपटीखाली लाल. उडत नाही जास्त, झुडपाखाली चालते. बकऱ्या गेल्या का उठते." मी आणि मुलीने एकमेकांकडे पाहिले. नवरंग! हा पक्षी हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडाशी आपल्याकडे वीण करायला येतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास मामी आम्हाला पाळीमागच्या करवंदीच्या जाळ्यांत घेऊन गेल्या. बसा म्हणाल्या. बकऱ्यांना कसे बसवले त्यांचे त्यांनाच ठाऊक. अर्ध्या तासाने दोन सुरांची ती शीळ आली, अगदी जवळून. मग पाचोळा हलला. हिरवी पाठ, खांद्यावर निळा झळाळ, डोळ्यावरून काळी पट्टी आणि पोटाखाली लाल. तो गांडूळ ओढत होता. आमच्याकडे त्याचे लक्ष नव्हते.

रात्री मुलीने मोबाईलवर नोंद करायला घेतली. "बाबा, पाहणाऱ्याचं नाव काय लिहू?"

मी म्हणालो, "माझं लिही. नाही तर तुझं."

"आपण कुठं पाहिलं? मामीआजीनं दाखवलं. तिला तर तो कोणत्या नक्षत्रात येतो तेही माहीत आहे."

मी वाद घालणार होतो. मग कडुनिंबाखालच्या आजी आठवल्या. त्या धनेशाची माझ्या वहीतली नोंद काढून पाहिली असती, तर तिच्यात माझे नाव होते, वेळ होती, झाडाचे नाव होते. आजींचे कुठेच नव्हते. चार-पाच वर्षे ज्यांनी पोरांच्या हातून गलोल काढून घेतली त्यांचे नाव नाही, आणि ज्याने तासभर पाहिले त्याचे नाव! मारुती चितमपल्ली यांचे १८ जून २०२५ रोजी निधन झाले, तेव्हा मला याच गोष्टीची पुन्हा आठवण झाली. वनखात्यात राहून त्यांनी 'पक्षीकोश' सिद्ध केला, काकागार, सारंगागार असे शब्द मराठीला दिले. पण हे कोणाकडून शिकलो ते त्यांनी लपवले नाही. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार यांचे नाव आम्हाला चितमपल्लींच्याच लिखाणातून कळले. रानातल्या माणसाकडून शब्द घ्यायचा आणि त्या माणसाचे नाव गाळायचे, हा उद्योग आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. आपल्या वाचकांना ते वेगळे सांगायला नको.

मुलीने टिपणीच्या जागी मामींचे पूर्ण नाव लिहिले, गावासह नव्हे, फक्त जिल्ह्यासह. मामींना वाचून दाखवले. "माह्यं नाव कायले?" म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी निघताना मात्र हळूच विचारले, "थे नाव पुसत तं नाही ना कोणी?"

नागपुरात परतल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्या कडुनिंबाच्या गल्लीत गेलो. वर्षभर गेलो नव्हतो. दुर्बीण घरी ठेवली होती. आजी खाटेवर होत्या, चिंचेचे बोटके फोडत. मी जयभीम केला. त्यांनी मान हलवली. पाखराचे मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. मी जायला निघालो तेव्हा त्यांनी खाटेवरची टोपली बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "बस घडीभर."

बसलो. झाडाकडे पाठ होती. चिंचा फोडायला मीही घेतल्या. थोड्या वेळाने डोक्यावर पंखांचा जड आवाज झाला आणि पाठोपाठ, ढोलीच्या बाजूने, एकाहून जास्त कोवळे आवाज आले. आजी चिंचा फोडत होत्या. मी वर पाहिले नाही.

घरी येऊन वहीत लिहिले: राखी धनेश. पिले आहेत. नागपूर. पुढे कंसात आजींचे नाव लिहिले, आणि पिले उडाल्यावर त्यांना विचारून मगच ते गटात सांगायचे, अशी समासात खूण करून ठेवली.